व्हिडिओ पत्रकारितेचे वार्षिक पुरस्कार: कोण देतं, कशासाठी देतं आणि तालुक्याच्या बातमीदाराने काय ओळखावं

६ जानेवारी म्हणजे पत्रकार दिन. १८३२ साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले, म्हणून महाराष्ट्रात हा दिवस पाळला जातो. तालुक्याच्या गावात सभागृह भरतं, शाल-श्रीफळ होतं, दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतात. या सत्कारात गेल्या काही वर्षांत एक नवा गट दिसू लागला आहे. मोबाइल, माइक आणि ट्रायपॉड घेऊन फिरणारे व्हिडिओ बातमीदार. कुणी वाहिनीचा स्ट्रिंगर असतो, कुणी स्वतःचं यूट्यूब चॅनेल चालवतो, कुणी पोर्टलसाठी व्हिडिओ करतो. गारपीट झाली की शेताच्या बांधावर आधी हाच पोचतो. पडद्यावर मात्र चेहरा स्टुडिओतल्या निवेदकाचा आणि लोगो वाहिनीचा असतो. चित्रण कुणी केलं, हे बहुतेक वेळा प्रेक्षकाला कळतही नाही.

व्हिडिओ आणि मल्टिमीडिया पत्रकारितेसाठी जगात, देशात आणि राज्यात दरवर्षी पुरस्कार दिले जातात. त्यातले चांगले पुरस्कार दोन गोष्टी करतात. काम खरं आणि पुराव्याचं आहे का, हे तपासतात आणि ते करणाऱ्या माणसाचं नाव नोंदवतात. हे पुरस्कार कोणते, ते कसे सुरू झाले, निवड कशी होते आणि पैसे घेऊन वाटल्या जाणाऱ्या पुरस्कारांपासून ते वेगळे कसे ओळखायचे, याची ही माहिती.

मल्टिमीडिया म्हणजे नेमकं काय?

व्हिडिओ पत्रकारिता म्हणजे चित्रण हाच बातमीचा मुख्य पुरावा आणि मुख्य भाषा. पूर्वी यासाठी बातमीदार, कॅमेरामन आणि संपादन करणारा अशी तीन माणसं लागत. आता ही तिन्ही कामं बऱ्याचदा एकच जण करतो, तेही मोबाइलवर.

मल्टिमीडिया त्याहून थोडी वेगळी. त्यात मजकूर, फोटो, व्हिडिओ, आवाज, नकाशा आणि आकडे एकाच बातमीत एकमेकांना धरून येतात. याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण म्हणजे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने डिसेंबर २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेली 'स्नो फॉल' ही वृत्तकथा. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात झालेल्या हिमस्खलनाची ही गोष्ट. वाचता वाचता डोंगर समोर उभा राहतो, वाचलेल्या माणसांच्या मुलाखती सुरू होतात, बर्फ कुठून कसा घसरला ते नकाशावर दिसतं. लेखक जॉन ब्रँच यांना त्यासाठी २०१३ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. पुरस्कार वृत्तकथा लेखनाचा होता, पण मल्टिमीडियाच्या वापराचाही त्यात खास उल्लेख झाला. पुढे २०१८ मध्ये अमेरिका-मेक्सिको सीमेवरील भिंतीवरच्या प्रकल्पासाठी 'अ‍ॅरिझोना रिपब्लिक' आणि 'यूएसए टुडे नेटवर्क' यांना पुलित्झर मिळाला. त्यात मजकूर, व्हिडिओ, पॉडकास्ट आणि आभासी वास्तव असं सगळं होतं.

हे काम फक्त मोठ्या वृत्तपत्रांचं आहे असं नाही. उन्हाळ्यात एखाद्या वाडीवर टँकर येतो. टँकरच्या फेऱ्यांची ग्रामपंचायतीतली नोंद, प्रत्यक्ष आलेल्या फेऱ्यांचं तारीखवार चित्रण, विहिरीच्या पातळीचे आकडे आणि हंडा घेऊन थांबलेल्या बायकांचं म्हणणं एकत्र मांडलं, तर तीही मल्टिमीडिया बातमीच होते. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही, रोज जाऊन नोंद ठेवावी लागते.

सुरुवात रेडिओपासून

या क्षेत्रातले काही पुरस्कार दूरचित्रवाणी घरोघरी पोचण्याच्या आधीचे आहेत. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाकडून दिला जाणारा पीबडी पुरस्कार १९४० मध्ये सुरू झाला, तेव्हा तो फक्त रेडिओसाठी होता. नंतर त्यात दूरचित्रवाणी आणि डिजिटल माध्यम आलं. या पुरस्काराची एक अट लक्षात ठेवण्यासारखी आहे. विजेता ठरवताना परीक्षकांचं एकमत व्हावं लागतं. बहुमताने काम भागत नाही.

१९४२ मध्ये ड्यूपाँट पुरस्कार सुरू झाला. १९६८ पासून तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाकडे आहे. ध्वनी आणि चित्र या माध्यमांतील पत्रकारितेत त्याला मोठा मान आहे. छायाचित्र पत्रकारांसाठी मिसूरी विद्यापीठातील पत्रकारिता विभागाने १९४४ मध्ये 'पिक्चर्स ऑफ द इयर' स्पर्धा सुरू केली. पुढे तिच्यात मल्टिमीडियाचा विभाग आला. परीक्षक प्रवेशिका बघतात ती सत्रे इथे लोकांसाठी खुली ठेवण्याची पद्धत आहे. कोणतं काम का बाद झालं, हे समोर बसून ऐकता येतं.

१९५५ साली सुरू झालेल्या 'वर्ल्ड प्रेस फोटो' स्पर्धेने २०११ मध्ये मल्टिमीडियासाठी वेगळी स्पर्धा घेतली. २०२२ पासून तिथे जगाचे विभाग पाडून निवड होते आणि २०२४ पर्यंत 'मुक्त मांडणी' असा एक गट होता. फोटोबरोबर व्हिडिओ, आवाज किंवा इतर साहित्य जोडून केलेलं काम त्यात पाठवता येत असे.

रॉरी पेक पुरस्कार: स्ट्रिंगरांसाठीचा पुरस्कार

तालुक्याच्या बातमीदाराने एक आंतरराष्ट्रीय पुरस्कार मुद्दाम माहीत करून घ्यावा, तो म्हणजे रॉरी पेक पुरस्कार. हा पुरस्कार नोकरीवर असलेल्यांसाठी नाही. जो कुणाच्या पगारपत्रकावर नाही, बातमीमागे पैसे घेतो आणि जोखीम स्वतः उचलतो, अशा मुक्त व्हिडिओ पत्रकारासाठी तो आहे.

रॉरी पेक हे मुक्त कॅमेरामन होते. १९८९ मध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांसोबत 'फ्रंटलाइन न्यूज' ही मुक्त व्हिडिओ पत्रकारांची संस्था उभी केली. ३ ऑक्टोबर १९९३ रोजी मॉस्कोत राजकीय संघर्ष पेटला होता. ओस्तान्किनो दूरचित्रवाणी केंद्राबाहेर गोळीबार सुरू असताना पेक जर्मनीच्या एआरडी वाहिनीसाठी चित्रण करत होते. त्यात गोळी लागून त्यांचा मृत्यू झाला. वय ३६.

मुक्त पत्रकार गेला की घरच्यांचं काय, हा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. पत्नी ज्युलिएट यांनी मित्रांच्या मदतीने १९९५ मध्ये रॉरी पेक ट्रस्ट स्थापन केला. हा ट्रस्ट जखमी, अडचणीत आलेल्या किंवा मारल्या गेलेल्या मुक्त पत्रकारांना व त्यांच्या कुटुंबांना मदत करतो, सुरक्षेच्या प्रशिक्षणासाठी हातभार लावतो. त्याच वर्षापासून पुरस्कारही सुरू झाले. दरवर्षी लंडनमध्ये समारंभ होतो. बातमी, विस्तृत वृत्तकथा आणि चालू घडामोडींवरचा माहितीपट असे त्यातले मुख्य गट. मोठमोठ्या वाहिन्यांचे संपादक त्या संध्याकाळी एरवी ज्यांचं नाव कुणी घेत नाही, त्यांचं काम बघायला बसतात.

यातला आणखी एक सन्मान म्हणजे मार्टिन अ‍ॅडलर पारितोषिक. अ‍ॅडलर हे स्वीडनचे मुक्त पत्रकार. २३ जून २००६ रोजी सोमालियातील मोगादिशू येथे सभेचं चित्रण करताना गर्दीत त्यांना गोळी घालण्यात आली. त्यांच्या नावाचं पारितोषिक स्थानिक मुक्त पत्रकारासाठी किंवा बातमीच्या कामात मदत करणाऱ्या स्थानिक माणसासाठी आहे. परदेशातून किंवा राजधानीतून पथक येतं, चार दिवस राहून जातं. रस्ता दाखवणारा, भाषा समजावणारा, ओळखी काढून देणारा माणूस तिथेच राहतो आणि नंतरचे परिणामही तोच भोगतो. मराठवाड्यात दुष्काळ बघायला आलेल्या पथकाला गाव दाखवणाऱ्या तालुका प्रतिनिधीला हे वेगळं सांगायला नको.

पत्रकार नसलेल्या मुलीचा सन्मान

२०२१ मध्ये पुलित्झर मंडळाने डार्नेला फ्रेझर हिला विशेष सन्मान दिला. ती पत्रकार नव्हती. २५ मे २०२० रोजी अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर गुडघा दाबून धरला, तेव्हा १७ वर्षांच्या डार्नेलाने मोबाइलवर ते चित्रित केलं. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात हा मृत्यू वैद्यकीय कारणाने झाल्यासारखी मांडणी होती. व्हिडिओ बाहेर आला आणि ती मांडणी टिकली नाही. पुढे त्या पोलिसाला खुनासाठी शिक्षा झाली.

बातमीदारासाठी यात शिकण्यासारखं आहे. चित्रण सलग होतं, मध्ये तोडलेलं नव्हतं. त्यावर संगीत नव्हतं की ओरडणारी वाक्यं नव्हती. म्हणूनच ते पुरावा म्हणून उभं राहिलं. आपल्याकडे अनेकदा उलटं होतं. मूळ क्लिपवर लाल बाण, भडक मथळा आणि सिनेमाचं संगीत चढवलं जातं आणि कच्चं फुटेज मोबाइलमध्ये जागा नाही म्हणून पुसलं जातं. चार महिन्यांनी कुणी बातमीला आव्हान दिलं, तर हातात काहीच उरत नाही.

देशात काय आहे?

भारतात रामनाथ गोएंका उत्कृष्ट पत्रकारिता पुरस्कार २००६ पासून दिले जातात. एक्स्प्रेस समूहाच्या संस्थापकांच्या नावाचे हे पुरस्कार मुद्रित आणि प्रसारण अशा दोन्ही माध्यमांसाठी असून प्रादेशिक भाषांसाठीही त्यात जागा आहे. नागरी प्रश्नांवरील पत्रकारितेचा पुरस्कार पुण्याचे ज्येष्ठ संपादक प्रकाश कर्दळे यांच्या नावाने आहे. मुंबई प्रेस क्लबचे 'रेडइंक' पुरस्कारही देशपातळीवर दिले जातात.

ग्रामीण व्हिडिओ पत्रकारितेचं नाव निघालं की 'खबर लहरिया' आठवतं. उत्तर प्रदेशातील चित्रकूट येथे २००२ मध्ये सुरू झालेलं हे पत्र ग्रामीण महिला चालवतात, त्यात दलित महिला मोठ्या संख्येने आहेत. २००४ मध्ये या चमूला चमेली देवी जैन पुरस्कार मिळाला. पुढे छापील अंक मागे पडला आणि या महिलांनी मोबाइलवर व्हिडिओ बातम्या करायला सुरुवात केली. या बदलावर रिंटू थॉमस आणि सुष्मित घोष यांनी 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट केला. २०२१ च्या सनडान्स महोत्सवात त्याला दोन पुरस्कार मिळाले आणि २०२२ मध्ये ऑस्करसाठी नामांकनही. पण त्याच वेळी 'खबर लहरिया'ने जाहीर निवेदन काढून सांगितलं की, माहितीपटात आपल्या कामाचा एकच भाग पुढे आला आहे, पूर्ण चित्र आलेलं नाही. पत्रकारांवर केलेल्या चित्रपटाला मिळालेला पुरस्कार आणि पत्रकारांच्या कामाला मिळालेला पुरस्कार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रकरणात दिसलं.

पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेलं 'पारी' म्हणजेच पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया हे मल्टिमीडियाचं जवळचं उदाहरण. मजकूर, फोटो, व्हिडिओ आणि आवाज एकत्र ठेवणारं हे संग्रहालय मराठीतही वाचता येतं. जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प त्यात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या कामातून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जमलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो ठेवा. ओवी कुणी गायली, कोणत्या गावात गायली, हे तिथे नावानिशी नोंदवलेलं असतं.

आणि एक नाव दुःखाने घ्यावं लागतं. छत्तीसगडमधील विजापूरचे मुकेश चंद्राकर 'बस्तर जंक्शन' हे यूट्यूब चॅनेल चालवत आणि वाहिन्यांसाठीही काम करत. एप्रिल २०२१ मध्ये माओवाद्यांच्या ताब्यातील जवानाच्या सुटकेच्या वेळी ते मध्यस्थांसोबत जंगलात गेले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्यांचा मृतदेह सेप्टिक टँकमध्ये सापडला. रस्त्याच्या कामातील कथित गैरव्यवहाराच्या बातमीशी पोलिसांनी तपासात या हत्येचा संबंध जोडला. देशभरात त्यांचं नाव पोचलं ते त्यानंतर. जिवंतपणी ते किती जणांना माहीत होतं?

राज्य शासनाचे पुरस्कार

महाराष्ट्र शासनाचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय उत्कृष्ट पत्रकारिता पुरस्कार देते. त्यात मराठी पत्रकारितेसाठी बाळशास्त्री जांभेकर यांच्या नावाचा राज्यस्तरीय पुरस्कार आहे. व्हिडिओ काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा म्हणजे पु. ल. देशपांडे उत्कृष्ट दूरचित्रवाणी वृत्तकथा पुरस्कार. भारतात दूरचित्रवाणी सुरू होत होती त्या काळात पुलंनी तिथे काम केलं होतं, त्यामुळे हे नाव शोभतंही. वृत्तपत्र छायाचित्रकारांसाठी तोलाराम कुकरेजा यांच्या नावाचा पुरस्कार आहे आणि समाजमाध्यमांसाठीही गट आहे.

याशिवाय विभागवार पुरस्कार आहेत, तेही त्या त्या भागातल्या संपादक-पत्रकारांच्या नावाने. नाशिक विभागात दादासाहेब पोतनीस, छत्रपती संभाजीनगर विभागात अनंतराव भालेराव, पुणे विभागात नानासाहेब परुळेकर, कोल्हापूर विभागात ग. गो. जाधव, कोकण विभागात शि. म. परांजपे, मुंबईत आचार्य अत्रे, अमरावती विभागात लोकनायक बापूजी अणे आणि नागपूर विभागात ग. त्र्यं. माडखोलकर. प्रवेशिकांचं काम जिल्हा माहिती कार्यालयातून चालतं. कोणत्या कालावधीतलं काम चालेल, किती प्रती लागतील, व्हिडिओ कशात द्यायचा, हे दरवर्षीच्या जाहिरातीत असतं. तीच जाहिरात बघून अर्ज करावा, गेल्या वर्षीच्या अर्जाची झेरॉक्स चालवू नये.

निवड करताना काय बघतात?

गट वेगळे असले तरी परीक्षकांचे प्रश्न साधारण सारखेच असतात. बातमी नवीन काय सांगते? दाखवलेलं खरं आहे याचा पुरावा काय? आरोप ज्याच्यावर आहेत त्याचं म्हणणं घेतलं का? चित्रणातल्या माणसांची संमती होती का? चित्रामुळे बातमी समजायला मदत झाली, की चित्र नुसतं भरीला आहे? आणि बातमीनंतर काही बदललं का?

शेवटच्या प्रश्नावर ग्रामीण बातमीदाराची बाजू भक्कम असू शकते. शाळेचं गळकं छत दाखवलं आणि दुरुस्ती झाली, नाल्यावरचा पूल अर्धवट होता तो पूर्ण झाला. पण हे कागदावर दाखवावं लागतं. बातमीची तारीख, नंतर निघालेला आदेश आणि दुरुस्तीनंतरचं चित्रण एका ठिकाणी हवं. 'आमच्या बातमीचा दणका' असा मथळा हा पुरावा होत नाही.

पुरस्कार की पावती?

तालुका आणि जिल्हा पातळीवर दुसराही एक बाजार आहे. अचानक फोन येतो, "सर, आपली राज्यस्तरीय पुरस्कारासाठी निवड झाली आहे." कोणत्या बातमीसाठी, हे सांगता येत नाही. पुढे नोंदणी, सन्मानचिन्ह, स्मरणिकेतली जाहिरात अशा नावाखाली काही हजार रुपये मागितले जातात. अशा वेळी पाच गोष्टी विचाराव्यात.

१. प्रवेशिका मागवल्याची जाहिरात कधी, कुठे निघाली होती?
२. परीक्षक कोण आहेत? त्यांची नावं जाहीर आहेत का?
३. पुरस्कार नेमक्या कोणत्या कामासाठी आहे?
४. मागच्या वर्षीच्या विजेत्यांचं काम कुठे बघायला मिळेल?
५. विजेत्याने पैसे भरायचे आहेत का?

काही नामांकित स्पर्धा प्रवेश शुल्क घेतात, ते सगळ्यांना सारखं आणि निकालाच्या आधी असतं. निवड झाल्यावर पैसे मागितले, तर तो पुरस्कार नव्हे, विक्री आहे. आणि ज्या कंत्राटदाराच्या किंवा संस्थेच्या बातम्या आपण करतो, त्याच्याच पैशातून पुरस्कार येत असेल, तर तो घेतल्यावर पुढची बातमी कशी करणार, हाही विचार करावा.

तयारी कशी ठेवावी?

प्रवेशिकेच्या शेवटच्या दिवशी धावपळ करून काही होत नाही. वर्षभर काही सवयी लागतात.

मूळ फुटेज जपून ठेवावं. मोबाइलमधून हार्ड डिस्कवर किंवा क्लाउडवर टाकून तारीख आणि गावाच्या नावाने फोल्डर करावं. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली क्लिप ही मूळ प्रत नसते. तिची प्रत घटते आणि तारीख-वेळेची माहितीही निघून जाते.

बाईट घेताना माणसाचं नाव, गाव आणि संमती कॅमेऱ्यावरच नोंदवावी. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत पोक्सो आणि बाल न्याय कायद्यातही तशी बंदी आहे. चेहरा धूसर केला, पण घर, आई-वडील किंवा शाळेची पाटी दिसली, तरी गावात ओळख पटतेच.

दुसऱ्याचं चित्रण वापरलं तर त्याचं नाव द्यावं. गावातल्या पोराने काढलेली पुराची क्लिप आपल्या लोगोखाली चालवायची आणि प्रवेशिकेत 'छायाचित्रण: स्वतः' लिहायचं, हे तपासात उघडं पडतं. चांगल्या स्पर्धेत परीक्षक मूळ फाइल मागू शकतात.

संपादकांकडून एक पत्र घेऊन ठेवावं. ही बातमी कोणत्या तारखेला प्रसारित झाली आणि चित्रण, मुलाखत, संपादन कुणी केलं, एवढंच त्यात असावं. स्ट्रिंगरकडे नेमणूकपत्र बहुधा नसतं, त्यामुळे काम आपलंच आहे हे सिद्ध करायला हा कागद उपयोगी पडतो.

हे काम फक्त बातमीदाराचं नाही. पोर्टल, वाहिनी आणि यूट्यूब चॅनेल चालवणाऱ्यांनी प्रत्येक व्हिडिओखाली चित्रण करणाऱ्याचं नाव द्यायला एक ओळ पुरते. धोक्याच्या बातमीत नाव नको असेल तर तसं त्या माणसाला विचारून ठरवावं. लंडनच्या समारंभात किंवा मंत्रालयात कुणाचं नाव पुकारलं जाईल ते पुढचं पुढे. आपल्या तालुक्यात ते नाव रोजच्या बातमीखाली दिसायला कुणाच्या प्रवेशिकेची गरज नाही.